निनावी पान : ओसिआंडर आणि कोपर्निकसच्या ग्रंथाची प्रस्तावना

1543 च्या वसंतात न्यूरेंबर्ग शहरातल्या योहानेस पेट्रेयसच्या छापखान्यातून एक जाड लॅटिन ग्रंथ बाहेर पडला. ग्रंथकर्ता निकोलाउस कोपर्निकस. वय सत्तर, मुक्काम शेकडो मैल दूर, बाल्टिक किनाऱ्यावरच्या फ्राउएनबुर्गला. आदल्या वर्षाच्या अखेरीस पक्षाघाताचा झटका आल्यापासून तो अंथरुणाला खिळलेला. ग्रंथाचं म्हणणं असं की सूर्य स्थिर आहे आणि पृथ्वी त्याच्याभोवती फिरते. या ग्रंथाचं मुखपृष्ठ उलटलं की लगेच मागच्या बाजूला ‘या ग्रंथातील गृहीतकांविषयी वाचकास’ असं एक छोटं निवेदन लागतं. त्याखाली कुणाचंही नाव नाही.

निवेदनाचा आशय असा. पृथ्वी फिरते हे ऐकून काही विद्वान दुखावले असतील, पण त्यांनी धीर धरावा. आकाशातल्या गतींची खरी कारणं माणसाच्या हाती लागतच नाहीत. खगोलशास्त्रज्ञाने निरीक्षणं काळजीपूर्वक करावीत आणि त्या गती अचूक वर्तवता येतील अशी गृहीतकं रचावीत. ती खरी असायला हवीत असं नाही, संभाव्य असायला हवीत असंही नाही. गणित निरीक्षणाशी जुळलं की पुरे. खगोलशास्त्राकडून निश्चित काही मिळेल अशी अपेक्षा कुणी धरू नये, नाहीतर आला होता त्याहून मोठा मूर्ख होऊन तो या शास्त्रातून बाहेर पडेल.

आणखी पानं उलटली की खुद्द कोपर्निकसचं पोप तिसऱ्या पॉलला उद्देशून लिहिलेलं अर्पणपत्र येतं आणि त्याचा सूर अगदी उलटा. आधीच्या ज्योतिर्विदांची रचना म्हणजे वेगवेगळ्या देहांचे हात, पाय, डोकं जोडून उभा केलेला राक्षस आहे, असं तो म्हणतो. बायबलमधलं एखादं वचन पिळून माझ्यावर हल्ला करणाऱ्यांना मी मोजत नाही, असंही सांगतो. पृथ्वी फिरते हे त्याच्या लेखी गणिताच्या सोयीसाठी धरलेलं काही नव्हतं. एकाच पुस्तकात काही पानांच्या अंतरावर दोन माणसं परस्परविरुद्ध बोलत आहेत आणि त्यातल्या एकाने तोंडावर कापड घेतलेलं आहे.

तो माणूस म्हणजे आंद्रेआस ओसिआंडर, न्यूरेंबर्गच्या सेंट लोरेंझ चर्चचा प्रवचनकार आणि ल्यूथरपंथाच्या, म्हणजे रोमच्या पोपपासून फुटून निघालेल्या नव्या ख्रिस्ती पंथाच्या, पहिल्या पिढीतला एक वजनदार धर्मशास्त्री. विज्ञानाच्या इतिहासात त्याला बहुधा या एका पानापुरतं आणलं जातं, खलनायक म्हणून उभं केलं जातं आणि लगेच बाजूला सारलं जातं. मला ते पटत नाही. ते पान समजून घ्यायचं तर तो माणूस कुणाकुणाशी बांधलेला होता, आणि आपलं नाव त्याने कुठे घातलं, कुठे घातलं नाही, हे आधी पाहावं लागतं.

प्रवचनकार आणि त्याचा गोतावळा

ओसिआंडरचा जन्म पंधराव्या शतकाच्या अगदी अखेरीस, फ्रांकोनियातल्या गुंझेनहाउझेन गावी झाला. इंगोलश्टाटला शिकला, पण पदवी घेतली नाही. ही गोष्ट पुढे तीस वर्षांनी त्याला नडणार होती. 1520 मध्ये न्यूरेंबर्गला पुरोहित झाला, तिथल्या ऑगस्टिनियन मठात हिब्रू शिकवू लागला आणि 1522 पासून सेंट लोरेंझच्या व्यासपीठावर उभा राहिला.

न्यूरेंबर्ग तेव्हा पवित्र रोमन साम्राज्याच्या राजकारणाचं, व्यापाराचं आणि छपाईचं गाव होतं. तिथे साम्राज्यसभा भरत, राजेरजवाडे मुक्कामाला येत. अशाच एका मुक्कामात ट्यूटॉनिक ऑर्डर या धर्मयोद्ध्यांच्या संघाचा प्रमुख आल्ब्रेख्त ओसिआंडरच्या प्रवचनांना बसला आणि त्याचं मन पालटलं. 1525 मध्ये त्याने ऑर्डरचं प्रशियातलं राज्य मोडून तिथे स्वतःची ड्यूकशाही उभी केली आणि ल्यूथरचा पंथ स्वीकारला. ओसिआंडरला तो आयुष्यभर आपला आध्यात्मिक पिता मानत राहिला. त्याच वर्षी न्यूरेंबर्गनेही जाहीर वादसभा घेऊन रोमशी फारकत घेतली, तीत ओसिआंडरचा आवाज मोठा होता. 1529 मध्ये मारबुर्गला ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा धर्मसुधारक त्स्विंग्ली वादासाठी समोरासमोर बसले तेव्हा ओसिआंडर हजर होता.

1532 मध्ये इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचा वकील म्हणून थॉमस क्रॅनमर सम्राटाच्या दरबाराबरोबर फिरत न्यूरेंबर्गला आला. ओसिआंडरशी त्याची दोस्ती जमली आणि ओसिआंडरच्या बायकोच्या भाचीशी, मार्गारेटेशी, त्याने लग्नच केलं. पुरोहिताने लग्न करणं इंग्लंडात अजून निषिद्ध होतं. पुढच्याच वर्षी क्रॅनमर कँटरबरीचा आर्चबिशप झाला आणि बायको असल्याचं त्याला वर्षानुवर्षं लपवावं लागलं. 1537 मध्ये ओसिआंडरने चार शुभवर्तमानांचा मेळ घालणारा ग्रंथ काढला, तो क्रॅनमरला अर्पण केला.

गणिताशीही त्याचं नातं वरवरचं नव्हतं. 1545 मध्ये पेट्रेयसनेच जेरोलामो कार्डानोचा बीजगणितावरचा ‘आर्स माग्ना’ छापला. घनसमीकरणं सोडवण्याची रीत पहिल्यांदा छापून आली ती या ग्रंथात, आणि कार्डानोने तो ओसिआंडरला अर्पण केला. म्हणजे कोपर्निकसच्या पुस्तकाची देखरेख छापखान्याने गणिताचा गंध नसलेल्या कुणा धर्मोपदेशकाकडे सोपवली होती, हा समज खरा नाही. गावात त्याच्यापेक्षा योग्य माणूस सापडणं अवघडच होतं.

पहिलं निनावी लिखाण

त्याआधीही एकदा ओसिआंडरने नाव न घालता लिहिलं होतं. ते लिखाण फार कमी लोकांना ठाऊक आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

1529 मध्ये हंगेरीच्या राज्यातल्या पोझिंग गावी एका ख्रिस्ती मुलाचा खून धार्मिक विधीसाठी ज्यूंनी केला असा आरोप झाला. छळ करून कबुलीजबाब घेतले गेले आणि तीसेक ज्यूंना जिवंत जाळलं. या आरोपाला युरोपात शतकांची परंपरा होती. ओसिआंडरने त्यावर एक लेख लिहिला. तो 1540 च्या सुमारास पुस्तिकारूपाने छापला गेला, लेखकाच्या नावाशिवाय.

त्यात तो वकिलासारखा मुद्दा मांडतो. ज्यूंच्या धर्मशास्त्रात खून निषिद्ध आहे, रक्ताला स्पर्शही निषिद्ध आहे. तुर्कांच्या राज्यात एवढे ज्यू राहतात, तिथे असा आरोप कधी ऐकू येत नाही. छळाखाली दिलेली कबुली कबुली नसते. मग तो शोध खऱ्या गुन्हेगाराकडे वळवतो आणि विचारतो की ज्या गावात असा आरोप झाला तिथल्या सरदाराला पैशाची तंगी होती का? कुणाच्या डोक्यावर ज्यू सावकाराचं कर्ज होतं का? तिथल्या पुरोहितांना यात्रेसाठी नवं तीर्थस्थान हवं होतं का? मूल आईबापांच्या हलगर्जीपणानेच गेलं नाही ना? ज्या शहराने 1499 मध्ये आपल्या सगळ्या ज्यूंना हाकलून दिलं होतं, त्या शहरातला प्रवचनकार हे लिहीत होता.

इंगोलश्टाटचा कॅथलिक धर्मशास्त्री योहान एक याने 1541 मध्ये त्याला जाडजूड, विखारी उत्तर छापलं. स्वतः ल्यूथरने 1543 मध्ये ज्यूंविरुद्ध जे लिहिलं ते वाचताना आजही मन विषण्ण होतं. त्या काळात, त्या गोटात राहून ओसिआंडरची पुस्तिका उभी आहे, आणि मला तिचं मोल कोपर्निकसच्या प्रकरणाइतकंच वाटतं. नाव झाकलं गेलं ते बहुधा स्वतःच्या जिवाच्या आणि पदाच्या काळजीने. शब्द मात्र त्याचेच होते आणि दुसऱ्या कुणाच्या नावावर खपवलेले नव्हते.

छापखान्यात काय झालं

आता मूळ प्रकरण. 1539 मध्ये गेओर्ग योआखिम रेटिकस हा विटेनबर्गचा पंचविशीतला गणिताचा प्राध्यापक फ्राउएनबुर्गला पोचला. ल्यूथरपंथी तरुण आणि कॅथलिक कॅथेड्रलमधला म्हातारा, पण गुरुशिष्याचं असं नातं जमलं की रेटिकस तिथे दोन वर्षांहून अधिक काळ रमला. 1540 मध्ये डान्झिगला त्याने कोपर्निकसच्या मताची पहिली छापील ओळख करून दिली, न्यूरेंबर्गचा गणितज्ञ योहानेस श्योनर याला उद्देशून. न्यूरेंबर्गचे धागे इथूनच जुळतात. 1541 मध्ये रेटिकससाठी शिफारसपत्र कुणी दिलं? ड्यूक आल्ब्रेख्तने, ओसिआंडरच्या त्याच श्रोत्याने. वीस वर्षांपूर्वी याच आल्ब्रेख्तच्या फौजांविरुद्ध कोपर्निकसने आलेनश्टाइनच्या किल्ल्याची तटबंदी मजबूत केली होती.

कोपर्निकसने 1540 मध्ये ओसिआंडरला पत्र लिहून विचारलं होतं की लोक उठतील त्यांचं काय करावं. ओसिआंडरचं 20 एप्रिल 1541 चं उत्तर पुढच्या पिढीतला खगोलशास्त्रज्ञ योहानेस केपलर याने उतरवून ठेवल्यामुळे आपल्यापर्यंत पोचलं. त्याने लिहिलं होतं की गृहीतकं म्हणजे श्रद्धेची कलमं नव्हेत, गणिताचा पाया आहेत. ती खोटी असली तरी बिघडत नाही, दिसणाऱ्या गती बरोबर मांडता आल्या म्हणजे झालं, आणि हे प्रस्तावनेत थोडं सांगितलंत तर बरं. त्याच दिवशी रेटिकसलाही त्याने लिहिलं की एकाच गतीसाठी अनेक गृहीतकं असू शकतात हे ऐकलं की अॅरिस्टॉटलवाले आणि धर्मशास्त्री शांत होतील.

ही पत्रं महत्त्वाची आहेत. ओसिआंडरने जे पुढे छापलं ते त्याने आधी ग्रंथकर्त्याला तोंडावर सांगितलं होतं. आणि ग्रंथकर्त्याने ते मानलं नव्हतं. केपलर म्हणतो की कोपर्निकस स्टोइक तत्त्वज्ञांसारख्या अढळ निर्धाराने आपलं मत उघडपणे मांडायच्या बाजूचा होता.

1542 च्या वसंतात रेटिकस हस्तलिखित घेऊन न्यूरेंबर्गला आला आणि छपाई सुरू झाली. शरदात त्याला लाइपझिगच्या विद्यापीठात रुजू व्हायचं होतं. तो गेला आणि मुद्रितं तपासण्याचं काम ओसिआंडरकडे आलं. प्रस्तावनेचा मजकूर त्याच सुमारास घातला गेला. 24 मे 1543 ला कोपर्निकस वारला. त्याचा जिवलग मित्र, कुल्मचा बिशप टीडेमान गीझे, याने रेटिकसला लिहिलं की छापलेला ग्रंथ त्याने पाहिला तो शेवटच्या दिवशी, अखेरच्या श्वासाच्या वेळी.

गीझे भडकला होता. छापखानदाराने विश्वासघात केला, न्यूरेंबर्गच्या नगरसभेकडे दाद मागा, पहिली पानं नव्याने छापून घ्या, असं त्याने रेटिकसला सुचवलं. नगरसभेपर्यंत तक्रार गेली. पेट्रेयसचं म्हणणं पडलं की निवेदन बाकीच्या मजकुरासारखंच माझ्या हाती आलं आणि मी ते छापलं. त्याच्या उत्तरातले तिखट शब्द काढून ते गीझेला पाठवावं असं ठरलं आणि विषय मिटला. रेटिकसने मात्र स्वतः भेट दिलेल्या प्रतींवर ते निवेदन लाल खडूने खोडून टाकलं. अशा प्रती आजही सापडतात.

त्या पानात नेमकं काय आहे

आपल्याकडे पंचांगकर्त्यांच्या बोलण्यात ‘दृक्प्रत्यय’ हा शब्द येतो: गणिताने काढलेली जागा आणि डोळ्यांना दिसणारी जागा एकच असणं. ओसिआंडरला खगोलशास्त्राकडून दृक्प्रत्ययापलीकडे काही नको होतं. ही भूमिका त्याने नव्याने शोधलेली नाही. ग्रीकांपासून चालत आलेली ती एक प्रतिष्ठित परंपरा होती. विसाव्या शतकाच्या आरंभी प्येर ड्यूएम या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने तर या बाबतीत ओसिआंडर गॅलिलिओपेक्षा समंजस होता असा निवाडा दिला.

पण आपल्या भूमिकेच्या समर्थनार्थ ओसिआंडरने दिलेलं उदाहरण बघण्यासारखं आहे. शुक्राचं प्रचलित गणित खरं मानलं तर, तो म्हणतो, शुक्र जवळ असताना त्याचा व्यास दूर असतानाच्या चौपटीहून मोठा आणि बिंब सोळा पटींहून मोठं दिसायला हवं. कुठल्याही काळाचा अनुभव याच्या उलट आहे. सबब गणित उपयोगी, पण खरं नव्हे. अडचण अशी की शुक्राचं बिंब खरोखरच तेवढं बदलतं. व्यासात साधारण सहा पटींचा फरक पडतो. नुसत्या डोळ्यांना तो कळत नाही, कारण शुक्र जवळ येतो तेव्हा त्याची फक्त कोर उजळलेली असते आणि चमक फारशी बदलत नाही. 1610 मध्ये गॅलिलिओने दुर्बिणीतून शुक्राच्या कला पाहिल्या तेव्हा हा उलगडा झाला. सत्य माणसाला कळत नाही हे दाखवायला ओसिआंडरने जो पुरावा निवडला, तो सत्यच निघाला. त्याला दोष देण्यासारखं यात काही नाही, तेव्हा दुर्बीण नव्हती. पण ‘कळूच शकत नाही’ आणि ‘अजून कळलेलं नाही’ यांतलं अंतर इथे डोळ्यांपुढे उभं राहतं.

त्या निवेदनात आणखी एक वाक्यांश आहे आणि माझ्या मते सगळं प्रकरण त्यावर फिरतं. ज्योतिर्विद काय की तत्त्वज्ञ काय, कुणालाही निश्चित काही कळणार नाही, ‘देवाने प्रकट केल्याखेरीज’. हा भित्र्या छापखानदाराचा आवाज नाही, धर्मशास्त्र्याचा आहे. ओसिआंडरच्या दृष्टीने निश्चितता एकाच दारातून येते आणि आकाशाचं गणित त्या दारातलं नव्हे.

याचा पडताळा त्याच्या आयुष्याच्या अखेरच्या चार वर्षांत मिळतो. 1548 मध्ये सम्राटाने लादलेली कॅथलिक वळणाची धार्मिक तडजोड न्यूरेंबर्गने मुकाट्याने घेतली, तेव्हा ओसिआंडरने सव्वीस वर्षांचं व्यासपीठ सोडून शहर सोडलं. 1549 च्या सुरुवातीला तो प्रशियाच्या राजधानीत, क्योनिग्सबर्गला, आल्ब्रेख्तकडे पोचला. ड्यूकने त्याला चर्च दिलं आणि नव्या विद्यापीठात धर्मशास्त्राचं अध्यापन दिलं, पदवी नसताना. प्राध्यापकमंडळी तिथूनच बिथरली. 1550 च्या वादसभेत ओसिआंडरने आपलं मत पुढे केलं आणि आग भडकली.

ल्यूथरपंथीयांचं, विशेषतः ल्यूथरचा विटेनबर्गमधला सहकारी मेलंक्थन याच्या शिष्यांचं, म्हणणं असं की पापी माणूस देवापुढे निर्दोष ठरतो तो न्यायालयात ठरावा तसा: ख्रिस्ताची पुण्याई त्याच्या खात्यावर जमा धरली जाते. ओसिआंडरला हे मान्य नव्हतं. नुसतं धरून चालणार नाही, म्हणाला; ख्रिस्ताचं दैवी नीतिमत्त्व माणसात खरोखर येऊन राहिलं पाहिजे. केवळ जमा धरण्याची शिकवण बर्फाहून थंड आहे, असं त्याने लिहिलं. मेलंक्थन, म्योर्लीन, फ्लाकियस असे एरवी एकमेकांशी भांडणारे ल्यूथरपंथी धर्मशास्त्री त्याच्याविरुद्ध एक झाले.

आकाशाच्या बाबतीत हिशेब जुळला की पुरे म्हणणारा हा माणूस आत्म्याच्या बाबतीत नुसत्या हिशेबावर एवढा उसळला. विसंगती वाटते, पण नाही. जिथे निश्चित सत्य आहे असं तो मानत होता तिथे त्याने ‘धरून चालू’ हे ऐकून घेतलं नाही आणि स्वतःचं नाव घालून सगळ्यांशी वैर पत्करलं. जिथे सत्य नाहीच असं त्याला वाटत होतं, तिथे सही करण्यासारखं काही आहे असंही बहुधा वाटलं नसावं. निनावीपणाचं हे माझं वाचन आहे. भीती हेही कारण असेल: मेलंक्थनने 1541 मध्येच एका पत्रात पृथ्वी फिरवणाऱ्या ‘त्या ज्योतिर्विदा’बद्दल लिहिलं होतं की शहाण्या राज्यकर्त्यांनी असल्या बुद्धीच्या स्वैरपणाला आवर घालावा.

तरीही मी ओसिआंडरला सोडून देत नाही. मत त्याचं होतं, तर नाव हवं होतं. ज्यूंच्या बाजूने लिहिलेल्या पुस्तिकेत नाव झाकून त्याने स्वतःचा बचाव केला. इथे त्याने स्वतःचे शब्द अशा पानावर ठेवले जिथे वाचक ते ग्रंथकर्त्याचे समजणार, आणि ग्रंथकर्ता मरणपंथाला लागलेला. निवेदनात ग्रंथकर्त्याची तिसऱ्या पुरुषी स्तुती आहे, बारीक नजरेच्या वाचकाला शंका यावी अशी. तेवढी एक फट त्याने ठेवली होती. इटालियन तत्त्वज्ञ जोर्दानो ब्रूनोने 1584 मध्ये ती हेरली आणि हे लिहिणाऱ्याला गर्विष्ठ गाढव म्हटलं. पण बहुतेकांना ती दिसली नाही.

निवेदनाने ग्रंथाला संरक्षण दिलं का? रोमने ग्रंथ ‘दुरुस्ती होईपर्यंत’ स्थगित केला तो 1616 मध्ये, प्रकाशनानंतर 73 वर्षांनी, आणि 1620 च्या दुरुस्त्यांची दिशा निवेदनाचीच होती: ठाम विधानं गृहीतकासारखी करा. या शांततेचं सगळं श्रेय निवेदनाला देणं मला अतिशयोक्त वाटतं. ग्रंथ इतका अवघड होता की थोड्याच लोकांनी तो शेवटपर्यंत वाचला. मात्र विटेनबर्गचा खगोलशास्त्रज्ञ एरास्मुस राइनहोल्ड याच्यासारख्यांची वाट त्या भूमिकेशी जुळणारी होती. त्याने कोपर्निकसचं गणित घेतलं, पृथ्वीच्या गतीबद्दल गप्प राहिला आणि 1551 मध्ये ग्रहगणिताची कोष्टकं काढली. त्यांना नाव मिळालं ‘प्रशियन कोष्टकं’, आश्रयदाता ड्यूक आल्ब्रेख्तच्या राज्यावरून. त्याच वेळी आल्ब्रेख्तच्याच राजधानीत ओसिआंडर आपली शेवटची भांडणं लढत होता.

17 ऑक्टोबर 1552 ला तो क्योनिग्सबर्गला वारला. वाद त्याच्यामागे चौदा वर्षं धुमसत राहिला आणि त्यात त्याचा जावई योहान फुंक याचा 1566 मध्ये शिरच्छेद झाला. 1577 मध्ये ल्यूथरपंथीयांनी आपला समान मतनामा तयार केला, त्यात त्याची शिकवण नाकारण्यात आली. मुलगा लुकास मात्र व्युर्टेंबर्गमध्ये मोठा दरबारी प्रवचनकार झाला, आणि नातवंडांनी ट्यूबिंगेनच्या विद्यापीठात पदं भूषवली.

याच ट्यूबिंगेनमध्ये धर्मशास्त्र शिकायला 1589 मध्ये योहानेस केपलर आला होता. 1609 मध्ये मंगळावरचा आपला ग्रंथ काढताना मुखपृष्ठाच्या मागच्या बाजूला, म्हणजे कोपर्निकसच्या ग्रंथात निवेदन होतं त्याच जागी, त्याने लिहिलं की निसर्गातल्या गोष्टी खोट्या कारणांनी सिद्ध करणं ही सगळ्यांत हास्यास्पद कल्पना आहे, पण ती कोपर्निकसची नाही. आणि ती कुणाची हे जाणून घ्यायचं असेल तर माझ्या प्रतीत ते लिहिलेलं आहे. ती प्रत 1543 मध्ये पेट्रेयसने न्यूरेंबर्गच्या हिएरोनिमुस श्रायबर या गणितज्ञाला भेट दिली होती आणि बऱ्याच वर्षांनी जुनी म्हणून केपलरकडे आली. आज ती लाइपझिगच्या विद्यापीठ ग्रंथालयात आहे. ‘या ग्रंथातील गृहीतकांविषयी वाचकास’ या छापील शीर्षकाच्या वर श्रायबरने शाईने लिहून ठेवलं आहे: आंद्रेआस ओसिआंडर.